लॉस एंजेलिस, १९६१: सोल्टींचा राजीनामा आणि झुबिन मेहतांची नेमणूक

जानेवारी १९६१ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या वादकांसमोर तालमीला एक चोवीस वर्षांचा मुंबईकर पारशी तरुण उभा राहिला. कार्यक्रम मुळात त्याचा नव्हता. तो ठरला होता फ्रिट्झ रायनर यांचा. रायनर तेव्हा बहात्तर वर्षांचे, शिकागोच्या ऑर्केस्ट्राला पहिल्या रांगेत नेऊन बसवणारे अत्यंत करडे कंडक्टर, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांवर वाद्यवृंद चालवणारे. आधीच्या ऑक्टोबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा तरुण रिप्लेसमेंट होता. त्याचं नाव झुबिन मेहता.

दीड-पावणेदोन वर्षांत तो त्याच ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये इतक्या लहान वयाचा प्रमुख त्या वेळी दुसरा नव्हता. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीच. पण ती सांगताना मधला एक माणूस गाळला जातो. त्या जागेवर आधीच कुणाची तरी नेमणूक झालेली होती आणि करारावर सही झालेली होती. बुडापेस्टचे कंडक्टर जॉर्ज सोल्टी यांनी ती जागा सोडली, कारण त्यांना न विचारता त्यांच्या हाताखाली माणूस नेमला गेला. नेमलेला माणूस झुबिन मेहता. हे प्रकरण मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवतो आहे. सोल्टींचं म्हणणं रास्त होतं आणि मेहता त्या जागेला लायक होते. दोन्ही एकाच वेळी खरं असल्यामुळे ते सुटत नाही.

रिकामी जागा

लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची स्थापना १९१९ ची. विल्यम अँड्र्यूज क्लार्क (धाकटे) या तांब्याच्या खाणींच्या वारसदाराने स्वतःच्या पैशांतून ती उभी केली. ऑटो क्लेम्पररसारखा थोर माणूस तिथे सहा वर्षं होता, तरी बॉस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या पंगतीत या ऑर्केस्ट्राला कुणी बसवत नसे. स्वतःचं सभागृह नव्हतं. एका बाप्टिस्ट चर्चच्या मालकीच्या जुन्या थिएटरात भाडेकरू म्हणून कार्यक्रम व्हायचे.

१९५६ मध्ये एदुआर्द व्हान बाइनम हे डच कंडक्टर प्रमुख म्हणून आले. अ‍ॅमस्टरडॅमचा प्रसिद्ध कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्रा सांभाळून ते लॉस एंजेलिसलाही वेळ देत. एप्रिल १९५९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ब्राह्म्सच्या पहिल्या सिंफनीची तालीम घेत असताना त्यांचं हृदय बंद पडलं. सत्तावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून लॉस एंजेलिसला प्रमुख नव्हता. पाहुणे येत, आठवडाभर वाजवून घेत आणि जात. पाहुण्यांवर चालणाऱ्या ऑर्केस्ट्राचं काय होतं ते वादकांना नेमकं ठाऊक असतं. सूर जुळलेले असतात, सगळं वेळेवर होतं, पण समूहाचा म्हणून एक आवाज असतो तो हळूहळू विरत जातो. व्हायोलिनवाल्यांनी गज तारेवर किती दाबायचा, एखादा स्वर किती लांबवून सोडायचा याचा रोजचा आग्रह धरणारा कुणी उरत नाही.

ऑर्केस्ट्राचा कारभार एका संस्थेच्या नियामक मंडळाकडे होता आणि मंडळाच्या अध्यक्ष होत्या डोरोथी चँडलर. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ ज्या घराण्याचा, त्या घरातल्या त्या सून. १९५१ मध्ये हॉलिवुड बोल हे उघड्यावरचं मोठं सभागृह दिवाळखोरीत निघालं, तेव्हा पैसे उभे करून त्यांनी ते वाचवलं होतं. आता साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी शहरासाठी नवं संगीत केंद्र बांधायचं मनावर घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी पुढे दोन कोटी डॉलरच्या आसपास देणग्या जमवल्या. बड्या उद्योगपतींच्या दारात जाऊन रक्कम कमी वाटली तर ती परत करून जास्त मागायची त्यांची पद्धत होती, असं त्यांच्याबद्दल सांगतात. अशा बाईंना ‘आधी विचारून घ्या’ हे सांगणार कोण?

त्यांनी १९६० मध्ये सोल्टींशी तीन वर्षांचा करार केला. काम १९६२ च्या हंगामापासून सुरू व्हायचं होतं.

सोल्टी

पुढचं समजायचं तर सोल्टी कुठून आले ते जरा थांबून पाहायला हवं.

जन्म १९१२, बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबात. तिथल्या सरकारी ऑपेरात ते वर्षानुवर्षं गायकांना पाठ देत राहिले, पण ज्यू माणसाला तिथे कंडक्टर म्हणून उभं राहू देत नसत. ११ मार्च १९३८ रोजी एकदाची संधी मिळाली, मोझार्टच्या ‘फिगारो’ची. त्याच संध्याकाळी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरत असल्याची बातमी बुडापेस्टला पोचली. त्या ऑपेरात त्यांना दुसरी संधी मिळाली नाही. १९३९ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि युद्धामुळे तिथेच अडकले. वडिलांची पुन्हा भेट झाली नाही. परक्या देशात पियानो वाजवून दिवस काढले. चौतिसाव्या वर्षी, १९४६ मध्ये, बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकच्या ऑपेराचा कारभार हाती आला, तेव्हा कुठे त्यांचं कंडक्टर म्हणून आयुष्य सुरू झालं. त्यानंतर नऊ-दहा वर्षं फ्रँकफर्ट.

ज्याच्या हातातून बेटन, म्हणजे कंडक्टरची छडी, इतकी वर्षं काढून ठेवली होती, त्याला अधिकार या शब्दाचा अर्थ वेगळा लागतो. ऑपेरात दोन दशकं काढल्यावर त्यांना आता सिंफनी ऑर्केस्ट्रा हवा होता, म्हणून लॉस एंजेलिस त्यांना हवंहवंसं होतं. लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेराही त्यांना बोलावत होतं, पण तिकडे जायला ते फारसे राजी नव्हते. वृद्ध कंडक्टर ब्रूनो वॉल्टर तेव्हा लॉस एंजेलिसलाच राहत. तुमच्यासारख्यांनी ऑपेरा सोडून चालणार नाही, असं समजावून त्यांनीच सोल्टींना लंडनचं आमंत्रण घ्यायला लावलं. म्हणजे १९६१ च्या सुरुवातीला सोल्टींच्या हातात लंडन होतं, पण मन लागलं होतं लॉस एंजेलिसला.

मुंबईचा मुलगा

झुबिन मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यात पारशी होते, युरोपातून परागंदा होऊन आलेले ज्यू वादक होते आणि मोठ्या संख्येने गोवेकर होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तिथून मुंबईत आलेले हे लोक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलच्या बँडमध्ये आणि अधूनमधून बेथोव्हेनसाठी बसत. हिंदी सिनेसंगीताला तंतुवाद्यांचा जो भरगच्च आवाज मिळाला तो याच मंडळींचा. आपल्या माडगूळकर-फडकेंच्या काळातल्या कित्येक गाण्यांमागचं व्हायोलिनही याच घराण्यातलं. मुंबईत त्या वेळी पाश्चात्त्य संगीताच्या मैफली सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे.

युद्ध संपता संपता मेहली मेहता व्हायोलिनचं पुढचं शिक्षण घ्यायला न्यूयॉर्कला गेले. घरी बायको आणि दोन लहान मुलं. चार-साडेचार वर्षांनी ते परतले, तेव्हा झुबिन तेरा वर्षांचा होता. घरात तबकड्या, स्वरलिप्या आणि तालमीला येणारे वादक. सोळाव्या वर्षी हा मुलगा वडिलांच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी घेत होता. तरीही घरच्या व्यवहारी विचाराने त्याला सेंट झेवियर्समध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीला घातलं. दोन वर्षं त्याने ते केलं. मग सोडलं. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो वियेन्नाला गेला.

यानंतरच्या सहा वर्षांवर मी मुद्दाम जास्त भर देतो आहे. एका रात्रीत चमकलेला तरुण असं जे चित्र रंगवतात, ते इथे कोसळतं.

वियेन्नाच्या संगीत अकादमीत त्याला गुरू मिळाले हान्स स्वारोव्स्की. ते स्वतः शोएनबर्ग आणि वेबर्न या रचनाकारांकडे शिकलेले. त्यांचा विद्यार्थ्यांना आग्रह असा, की हात हलवण्याआधी कागद वाचा. स्वरलिपीतली प्रत्येक ओळ किती मात्रांच्या गटांची बनली आहे, रचनाकाराने गट कुठे मोडला आहे, वेग बदलतो तेव्हा जुन्या लयीचं नव्या लयीशी नातं काय, हे सगळं आधी मोजायचं. झुबिनचा स्वभाव हातवाऱ्यांचा. स्वारोव्स्की त्याचे दंड धरून ठेवत आणि फक्त मनगटाने ताल द्यायला लावत. माझं शिक्षण तबल्याचं. कोपर उचलून वाजवू नकोस, बोटातून आवाज काढ, असं ऐकत ज्याने बालपण घालवलं, त्याला ही तालीम परकी वाटणार नाही.

झुबिन तिथे डबल बास वाजवायला शिकला आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात अगदी मागच्या रांगेत उभा राहिला. तालमी आतून पाहता याव्यात म्हणून तो आणि त्याचा मित्र क्लाउदिओ अबादो हे दोघे एका मोठ्या गायनवृंदात बासच्या आवाजात गायला लागले. तालमीला बाहेरच्यांना येऊ देत नसत, पण गायकांना कोण अडवणार? समोर हर्बर्ट फॉन कारायान, ब्रूनो वॉल्टर. १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासित ऑस्ट्रियात आले, तेव्हा या वीस वर्षांच्या पोराने विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आठवड्याभरात जमवला आणि वियेन्नाबाहेरच्या छावणीत जाऊन त्यांच्यासाठी कार्यक्रम केला.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय कंडक्टर स्पर्धा त्याने जिंकली. बक्षीस म्हणून तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभराची साहाय्यकाची जागा. जवळच, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, वडील तेव्हा व्हायोलिन वाजवत होते. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत टँगलवूडच्या शिबिरात अबादो पहिला आला आणि झुबिन दुसरा. पण लिव्हरपूलचं वर्ष संपलं आणि पुढे फारसं काही घडेना. बायको, मूल आणि हातात काम नाही, अशा अवस्थेत तो वियेन्नाला परतला. हा काळ चरित्रांमध्ये दोन ओळींत उरकला जातो, पण मला तो लॉस एंजेलिसइतकाच महत्त्वाचा वाटतो. बोलावणं नसताना या मुलाने स्वरलिप्या पाठ केल्या. पुढच्या वर्षी एकामागून एक बोलावणी आली ती सगळी ऐनवेळची होती. माँट्रियलला इगोर मार्केविच आजारी, लॉस एंजेलिसला रायनर आजारी, इस्रायलला यूजीन ऑर्मंडी येऊ शकले नाहीत. प्रत्येक ठिकाणी पाहुणा म्हणून गेलेल्या या तरुणाला यजमानांनी थांबवून घेतलं.

पहिली दहा मिनिटं

अनोळखी ऑर्केस्ट्रासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो.

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी सगळ्यांच्या कानावर असते. ‘ट-ट-ट-टाऽऽ’. ऐकणाऱ्याला वाटतं, पहिला ‘ट’ म्हणजेच सुरुवात. कागदावर तसं नाही. तिथे आधी एक छोटी विश्रांती लिहिलेली आहे. तालाचा ठोका पडतो तो शांततेवर आणि तीन ‘ट’ त्या रिकाम्या ठोक्याच्या मागून उठतात. आपल्याकडे सम सोडून पुढून उठणारा मुखडा असतो ना, तसं. आता ऐंशी-नव्वद माणसांनी त्या न वाजणाऱ्या क्षणाला एकत्र धरायचं आहे. कंडक्टरने आधी हात वर उचलायचा, त्या उचलण्यातच लय आणि जोर सांगायचा, मग शांततेवर ठोका द्यायचा. उचलताना हात जरा रेंगाळला तर व्हायोलिन एकीकडे आणि क्लॅरिनेट दुसरीकडे. त्यानंतरचा ‘टाऽऽ’ कितीही लांबवता येतो, त्याला मोजणी नाही. तो कधी तोडायचा हे फक्त त्या हाताला माहीत. समजावून सांगायला वेळ नसतो आणि शब्दांचा उपयोगही नसतो.

अनुभवी वादक हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. त्यातही रायनरचा हात म्हणजे वेस्टकोटच्या खिशाएवढ्या जागेत फिरणारा, डोळ्यांत तेल घालून पाहावा लागणारा. त्यांच्या जागी आलेल्या पोराकडे वादकांनी कसं पाहिलं असेल, याची कल्पना करता येते. स्वारोव्स्कींनी दंड धरून शिकवलेलं मनगट इथे कामी आलं आणि त्याच्या जोडीला मुंबईची ती मुळातली ऊब होतीच. कार्यक्रम झाले, श्रोते खूश, वादक खूश. मंडळात चर्चा सुरू झाली: हा मुलगा हातचा जाऊ द्यायचा नाही.

निर्णय

मंडळाच्या डोळ्यांसमोर काय होतं ते पाहा. सोल्टी १९६२ मध्ये यायचे, तेही लंडन सांभाळून. वर्षातले थोडे आठवडे. उरलेल्या हंगामात पुन्हा पाहुणेच. व्हान बाइनम यांच्या वेळी अर्धा माणूस मिळण्याचा अनुभव नुकताच घेतलेला. नवं सभागृह बांधायला पैसे मागत फिरताना लोकांना दाखवायला एक चेहरा हवा, शहरात दिसणारा, तरुण. आणि माँट्रियल तर त्याला घेऊन चाललंच होतं. थांबलो तर गेला, ही भीती खोटी नव्हती.

म्हणून डोरोथी चँडलर यांनी मेहतांना सोल्टींच्या खालची जागा देऊ केली. सोल्टींना न विचारता.

दुय्यम कंडक्टर कोण असावा, याला प्रमुखाची संमती लागेल, असा सोल्टींचा करार होता. ही अट मानापमानाची नसते. ऑर्केस्ट्राचा प्रमुख म्हणजे फक्त वर्षातले अमुक कार्यक्रम करणारा नव्हे. कोणत्या रचना वाजवायच्या, कुणाला वादक म्हणून घ्यायचं, कुणाला बोलवायचं, सगळं तो ठरवतो. तो नसताना त्याचा ऑर्केस्ट्रा ज्याच्या हातात राहणार, त्याच्या सवयी त्या वादकांना लागणार. दुसऱ्याने महिनाभर घडवलेला आवाज परत आल्यावर पुसावा लागणं यापेक्षा मोठा त्रास कंडक्टरला नाही.

सोल्टींनी करार सोडला. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की मेहतांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. माणूस चांगला आहे, हे त्यांना मान्यच होतं, त्यांना त्याचं कौतुक होतं. विचारलं असतं तर बहुधा त्यांनी होच म्हटलं असतं. पण रुजू होण्याआधीच जिथे सहीला किंमत नाही, तिथे रुजू झाल्यावर काय होईल, हे त्यांनी ओळखलं. मंडळाने मग प्रमुखाची जागा मेहतांना दिली. १९६२ मध्ये ते रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. माँट्रियलही त्यांच्याकडेच होतं. उत्तर अमेरिकेतले दोन ऑर्केस्ट्रा एकाच वेळी सांभाळणारे ते पहिले.

यात चुकलं काय?

माझं मत स्पष्ट आहे. मंडळाने वचन मोडलं. निवड बरोबर ठरली म्हणून ते धुऊन निघत नाही.

पण एवढं म्हणून थांबणं मला सोपं वाटतं. संस्था चालवणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर डोरोथी चँडलर यांना एक गोष्ट फार लवकर दिसली होती आणि ती सोल्टींच्या करारात बसत नव्हती. त्यांच्या शहराला पाहुण्याऐवजी राहणारा माणूस हवा होता. ऑर्केस्ट्रा वाढवायचा तर हंगामाचे आठवडे वाढवावे लागतात, वादकांना वर्षभराचा पगार द्यावा लागतो, शाळांमधून जावं लागतं, देणगीदारांकडे जेवायला जावं लागतं. हे काम पन्नाशीला टेकलेला, लंडनच्या ऑपेराला बांधलेला माणूस करू शकला नसता, मग तो कितीही थोर असो. म्हणजे चूक मेहतांना नेमण्यात नव्हती, ती बहुधा १९६० मध्ये, अर्धवेळ येणाऱ्या माणसाशी पूर्ण अधिकाराचा करार करण्यात होती. ती उमगल्यावर सोल्टींना समोर बसवून तसं सांगायला हवं होतं. एका तारेचा खर्च होता. तेवढं न केल्यामुळे गावाने एक थोर कंडक्टर कायमचा गमावला.

आपल्याकडे गावोगावी संगीत मंडळं, नाट्यसंस्था, वाचनालयं अशा एकहाती माणसांवर चालतात. पैसा तेच आणतात, धावपळ तेच करतात आणि मग मंडळाचा ठराव, कार्याध्यक्षाची संमती या गोष्टी त्यांना कागदी वाटू लागतात. मी अशा एका संस्थेत बारा वर्षं काम केलं. तिथेही असाच एक निर्णय झाला होता. तिथे मात्र रागावून गेलेला माणूस परत आला नाही आणि नवा आलेला झुबिन मेहता निघाला नाही. त्यामुळे लॉस एंजेलिसची गोष्ट ‘शेवटी चांगलंच झालं’ या सुरात सांगितली, की मला राहवत नाही.

हेन्री लुईस

या प्रकरणात आणखी एक माणूस आहे आणि त्याचा उल्लेख जवळजवळ कधीच होत नाही.

हेन्री लुईस लॉस एंजेलिसचेच. जन्म १९३२, म्हणजे मेहतांपेक्षा चारच वर्षांनी मोठे. कृष्णवर्णीय. सोळाव्या वर्षी ते याच ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायला लागले. मेहतांचंही वाद्य तेच. लुईस यांनी स्वतः तंतुवाद्यांचा एक छोटा वाद्यवृंद उभारून चालवून दाखवला होता. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसलाच इगोर मार्केविच आजारी पडले. माँट्रियलला ज्यांच्या जागी मेहता उभे राहिले, तेच मार्केविच. इथे त्यांच्या जागी लुईस उभे राहिले आणि त्यांनी कार्यक्रम निभावला.

शहर तेच, वर्ष तेच, तशीच ऐनवेळची संधी. लुईस यांना त्यानंतर मिळाली साहाय्यक कंडक्टरची जागा, मेहतांच्या हाताखाली. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्रात कृष्णवर्णीय माणूस त्या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे त्या काळात तीही मोठी बातमी होती. १९६५ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. १९६८ मध्ये न्यू जर्सीच्या ऑर्केस्ट्राने त्यांना प्रमुख केलं.

मेहतांची युरोपातली तालीम, स्पर्धेचं बक्षीस, बर्लिन-वियेन्नाच्या ऑर्केस्ट्रांनी त्याच सुमाराला दिलेली संधी, हे सगळं लुईस यांच्याकडे नव्हतं. त्यामुळे दोघांना सरळ एका तराजूत घालता येत नाही. पण मंडळाने दूरवरून आलेला तरुण चेहरा दोन आठवड्यांत ओळखला आणि घरच्याच मागच्या रांगेत वाजवणारा माणूस त्यांना त्या उंचीवर दिसला नाही. ‘लायक माणसाला संधी मिळाली’ असं म्हणताना लुईस यांचं नाव माझ्या जिभेवर येतंच.

पुढे

सोल्टी कॉव्हेंट गार्डनला दहा वर्षं राहिले आणि १९६९ पासून बावीस वर्षं त्यांनी शिकागो सांभाळलं. रायनरचंच शिकागो. त्यांना एकूण एकतीस ग्रॅमी मिळाले.

लॉस एंजेलिसचं नवं सभागृह ६ डिसेंबर १९६४ रोजी उघडलं. तीन हजारांवर आसनं, नाव डोरोथी चँडलर पॅव्हिलियन. मेहतांच्या समोर बेथोव्हेनच्या व्हायोलिन कंचर्टोसाठी व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ उभे होते. त्याच वर्षी मेहली मेहताही त्या शहरात राहायला आले आणि त्यांनी तरुण वादकांचा एक ऑर्केस्ट्रा काढला. तो त्यांनी तेहतीस वर्षं चालवला, नव्वदीपर्यंत. मुंबईत अर्धवट राहिलेलं स्वप्न त्यांनी तिथे पुरं केलं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

झुबिन मेहता लॉस एंजेलिसला सोळा वर्षं राहिले. मग १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, त्या ऑर्केस्ट्राच्या आधुनिक इतिहासातली सर्वांत दीर्घ कारकीर्द. इस्रायल फिलहार्मोनिकशी तर अर्धशतकाचं नातं. पासपोर्ट भारताचाच ठेवला. ऑगस्ट २०२३ मध्ये सत्त्याऐंशीव्या वर्षी ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर पहिल्यांदा उभे राहिले. नव्हे, बसले, कारण तोवर खुर्ची लागत होती.

त्याआधी २४ ऑक्टोबर २०१९ रोजी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकला शंभर वर्षं झाली. कर्करोगाच्या उपचारांतून नुकतेच बाहेर पडलेले मेहता काठी टेकत व्यासपीठावर आले. त्यांच्यानंतर त्या जागेवर येऊन गेलेले एसा-पेक्का सालोनेन आणि तेव्हाचे प्रमुख गुस्ताव्हो दुदामेलही होते. समारंभासाठी दानिएल ब्यार्नासन या आइसलँडच्या रचनाकाराकडून एक नवी रचना लिहून घेतली होती. तिच्यात ऑर्केस्ट्रा तीन भागांत वाटलेला होता आणि प्रत्येक भागाला आपला वेगळा कंडक्टर. तिघे एकाच वेळी, आपापल्या लयीत, एकाच ऑर्केस्ट्राला चालवत होते.